आगीच्या घरात पाण्याचा फवारा

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडते, तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. त्या आगीला तोंड देणारा पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. अशा ठिकाणी, इंजिन जीव तोडून ओढत असताना, आत पाणी फवारलं तर काय होईल? आग विझेल, गाडी जागेवर बंद पडेल, असंच कुणीही म्हणेल. पण पाण्याचं माप बरोबर असेल तर घडतं ते उलटंच. तेच इंजिन, तेच पेट्रोल, आणि ताकद मात्र जास्त. बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये एम४ जीटीएस ही गाडी बाजारासाठी जाहीर केली. तिच्या डिकीत पाच लिटर पाण्याची टाकी होती. नेहमीच्या एम४ मधलं तीन लिटरचं टर्बो इंजिन ४३१ पीएस देत होतं. पाण्याच्या फवाऱ्याच्या भरवशावर टर्बोचा दाब वाढवला आणि तेच इंजिन ५०० पीएसवर गेलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. हे ‘पाण्यावर चालणाऱ्या गाडी’चं प्रकरण नाही. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. जे एकदा जळून गेलं आहे त्यातून पुन्हा जळणाची ऊर्जा निघत नाही. इंजिनात गेलेलं पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं, बस्स. ताकद सगळी पेट्रोलची. पाणी फक्त एक अडथळा दूर करतं. तो अडथळा कोणता आणि तो नेमक्या किती पाण्याने दूर होतो, हे समजून घेण्यासाठी वाशिम जिल्ह्याइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल.

वाशिमची हवा, टर्बोची धाप

वाशिम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. हा पाणलोटाचा उंचवटा. इथल्या पावसाचं काही पाणी काटेपूर्णेतून तापीच्या खोऱ्यात जातं, तर काही पैनगंगेतून गोदावरीच्या. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. त्यात मे महिन्याची दुपार आणि ४३ अंशांचा पारा. उंची आणि उष्णता मिळून हवा इतकी विरळ होते, की समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर प्रत्येक लिटरमागे जवळपास सातवा हिस्सा हवा कमी भरते. इंजिनाला पेट्रोल कितीही पाजा, ते जाळायला हवा नसेल तर ताकद येणार कुठून?

टर्बो हवेची ही कमतरता भरून काढतो. सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूंच्या जोरावर एक छोटं चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. पण हवा दाबली की तापते. याचा हिशेब मांडून पाहू. बाहेरची हवा २० अंश असेल, टर्बोने तिचा दाब दुप्पट केला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे ११२ अंशांची होऊन बाहेर पडते. बाहेर ४५ अंश असतील तर तीच हवा १४५ अंशांची होते. बाहेरचा फरक २५ अंशांचा, टर्बोतून निघताना तो ३३ अंशांचा झालेला. टर्बो उष्म्यालाही व्याज लावतो.

पुढे इंटरकूलर असतो. तो या हवेतली बरीचशी उष्णता काढून घेतो, पण त्यालाही थंडावा बाहेरच्याच हवेकडून मिळवायचा असतो. ४५ अंशांच्या हवेने धुतलेला इंटरकूलर आतली हवा ४५ अंशांखाली कधीच आणू शकत नाही. प्रत्यक्षात ती साठ-सत्तरवरच थांबते.

ही चर्चा आता विदर्भात केवळ पुस्तकी राहिलेली नाही. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१० मध्ये फियाट लिनिया टी-जेट आली. १.४ लिटरचं, ११४ पीएसचं टर्बो पेट्रोल इंजिन. चाकणहून २०१३ मध्ये फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आली. २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन आली आणि टर्बो पेट्रोल गाडी तालुक्याच्या गावीही नवलाची राहिली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. एकूण ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग वाशिम जिल्ह्यात कारंजा, मालेगावच्या परिसरातून जातो. भर मे महिन्यात ताशी १२० किलोमीटरने चाललेली गाडी मध्येच ट्रक ओलांडायला पाय दाबते, तेव्हा तिच्या टर्बोत वरचा हिशेब अक्षरशः घडत असतो. यांपैकी कुठल्याच गाडीत कंपनीकडून पाण्याचा फवारा बसवलेला नसतो. तो बसवतात हौशी मंडळी आणि स्पर्धेतले लोक. पण फवारा ज्या दुखण्यावरचा उपाय आहे, ते दुखणं मात्र या सगळ्यांचं सारखंच.

इंजिन ठोकतं म्हणजे काय

मेकॅनिक ज्याला ‘इंजिन ठोकतंय’ किंवा ‘नॉकिंग येतंय’ म्हणतात, तेच हे दुखणं. निरोगी इंजिनात आग स्पार्क प्लगपाशी सुरू होते आणि एका पातळ पडद्यासारखी पुढे सरकत जाते. पडदा पुढे सरकतो तसा मागचा जळका वायू फुगतो आणि समोरच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबतो. ते मिश्रण तापतं, आणखी तापतं. आगीचा पडदा तिथे वेळेवर पोचला तर सगळं सुरळीत. पण ते मिश्रण आधीच खूप गरम असेल तर आगीची वाट न पाहता आपोआप पेटतं, सगळंच्या सगळं एकदम.

त्या क्षणी दाबाची लाट सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसरीवर आपटू लागते. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ही लाट सेकंदाला सुमारे सात हजार वेळा हेलकावते. आपल्या कानाला ऐकू येते ती टकटक हीच. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सरही याच सुरावर कान देऊन असतो.

दोन हजार अंशांच्या आगीत ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळत का नाही, याचं उत्तरही इथेच आहे. त्याच्या आतल्या बाजूला तेलाचा थंडावा असतो, आणि माथ्यावर तुलनेने थंड वायूचा एक अतिशय पातळ थर चिकटून बसलेला असतो. हा अदृश्य थर पिस्टनला वाचवतो. ठोक्याच्या लाटा नेमका तोच थर उधळून लावतात. आग उघड्या धातूला भिडते. अशा ठोक्यांची माळ लागली तर पिस्टनची कड खाल्ली जाते, दोन रिंगांमधला भाग तुटतो, कधी माथ्याला भोकच पडतं.

म्हणून गाडीतला संगणक ठोक्याची चाहूल लागताच ठिणगी उशिरा टाकतो. आग उशिरा लागली की कोपऱ्यातल्या मिश्रणावरचा दाब कमी होतो आणि ठोका थांबतो. पण ताकदही जाते. सिलिंडरमधला सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकावरून उतरू लागून क्रँकशाफ्ट साधारण १५ अंश फिरलेला असताना यावा, तेव्हा दाबाचं सोनं होतं. तो उशिरा आला तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो आणि उरलेली उष्णता सायलेन्सरकडे वाहून जाते. संगणक आणखी एक गोष्ट करतो. गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारतो. ते जादा पेट्रोल जळण्यासाठी नसतंच. त्याची वाफ होताना मिश्रण थंड व्हावं, एवढ्यासाठी ते ओतलेलं असतं. मे महिन्याच्या दुपारी ‘गाडी ओढत नाही आणि पितेही जास्त’ ही तक्रार येते, तिच्यामागे हे दोन्ही असतात.

आणि इथेच पाण्याचा विचार सुचतो. पेट्रोल ओतायचं ते केवळ थंडाव्यासाठी असेल, तर थंडावा देणारं याहून चांगलं काही नाही का?

वाफेचं सामर्थ्य

एक किलो पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४२० किलोज्यूल उष्णता लागते. त्याच शंभर अंशांच्या पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करायला लागतात २,२५७ किलोज्यूल, म्हणजे पाचपटीहून जास्त. तापमानात एका अंशाचाही फरक नाही, आणि एवढी उष्णता गिळली गेली. पेट्रोल याच कामात किलोमागे सुमारे ३५० किलोज्यूल शोषतं, इथेनॉल साडेआठशे-नऊशे, मिथेनॉल सुमारे अकराशे. पाण्याच्या जवळपास फिरकणारं यांत कुणी नाही.

वाशिमकरांना हे समजावून सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. एप्रिल उजाडला की घरोघरी खिडकीत चढतो तो कूलर याच तत्त्वावर चालतो. कोरडी झळ ओल्या ताट्यांतून जाते, पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवा स्वतःतून देते. हवा थंड होऊन खोलीत येते. टर्बो इंजिनातला फवारा हा इंजिनाच्या श्वासनळीत बसवलेला कूलरच आहे. मात्र दोघांत एक मोठा फरक आहे. श्रावणात खिडकीतला कूलर कुचकामी ठरतो, कारण दमट हवेला आणखी वाफ सामावून घ्यायला जागाच नसते. इंजिनातला फवारा श्रावणातही तितकाच चालतो. बाहेरची हवा २८ अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असली, तरी टर्बोने दुप्पट दाबल्यावर आणि इंटरकूलरमधून ६० अंशांवर आल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता ३२ टक्क्यांच्या आसपास उरते. दाबामुळे ती वाढते खरी, पण तापमानामुळे त्याहून जास्त घटते. आपल्याला दमट वाटणारी हवा टर्बोच्या पलीकडे कोरडीच असते.

आता मापाचा हिशेब करू. जोरात ओढणाऱ्या टर्बो इंजिनात एक किलो पेट्रोलसोबत साधारण १२ किलो हवा जाते. पेट्रोलच्या वजनाच्या १५ टक्के, म्हणजे १५० ग्रॅम पाणी तिच्यात फवारलं आणि ते सगळं त्या हवेतच वाफ झालं, तर हवा सुमारे ३० अंशांनी उतरेल. उन्हामुळे टर्बोत जे ३३ अंश वाढले होते, ते जवळपास सगळे परत मिळाले.

दीड कोटी थेंब

पण ‘सगळं वाफ झालं तर’ यातला ‘तर’ फार मोठा आहे, कारण वेळच नसतो. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर इंजिनाचा एक फेरा दहा मिलिसेकंदांत संपतो आणि हवा आत ओढण्याचा टप्पा त्याच्याही निम्म्यात. पाच मिलिसेकंद. तेवढ्यात पाण्याने नाहीसं व्हायचं असतं.

उपाय आहे थेंब लहान करण्याचा. एक मिलिलिटर पाण्याचा एकच गोल थेंब केला तर त्याचा पृष्ठभाग पाच चौरस सेंटिमीटरहूनही कमी भरतो. तेच एक मिलिलिटर पाणी ५० मायक्रॉनच्या थेंबांत फोडलं, म्हणजे केसाच्या जाडीहून बारीक थेंबांत, तर सुमारे दीड कोटी थेंब होतात आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग १,२०० चौरस सेंटिमीटर भरतो. अडीचशे पट. वाफ पृष्ठभागावरूनच होते, त्यामुळे सगळा खेळ या आकड्यावर येऊन ठेपतो. म्हणूनच पंप दहा बार दाबाच्या आसपासचा लागतो आणि नोझलचं भोक सुईपेक्षाही बारीक, अगदी अचूक पाडलेलं असावं लागतं.

एवढं करूनही काही थेंब नळीत वाफ न होता सिलिंडरमध्ये पोचतातच. त्यात नुकसान नाही, उलट फायदाच आहे. पिस्टन वर येऊन मिश्रण दाबू लागतो, ते तापू लागतं, आणि ऐन त्या घडीला उरलेले थेंब वाफ होऊन उष्णता शोषतात. जिथे ठोका जन्म घेणार, तिथेच थंडावा पोचतो. शिवाय वाफ स्वतः जळत नाही. ती मिश्रणात पसरून आगीची तीव्रता थोडी बोथट करते, आणि त्यामुळे धुरातले नायट्रोजनचे विषारी ऑक्साइडही कमी होतात.

शंभर वर्षांहून जुनी विद्या

हंगेरीचा अभियंता डोनाट बांकी याने १८९० च्या दशकातच इंजिनात पाणी फवारून जास्त दाबावर चालणारं इंजिन केलं होतं. पण या विद्येचं चीज झालं ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेचं पी-४७ थंडरबोल्ट हे विमान टर्बो लावलेल्या अठरा सिलिंडरच्या इंजिनावर उडत असे. पाण्याच्या फवाऱ्याने त्याचे सुमारे २,००० अश्वशक्ती काही मिनिटांपुरते २,३०० च्या घरात जात. हीच विमानं ब्रिटिश हवाई दलाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढवली.

आपल्या आकाशातही ही विद्या रोज वावरत होती. इंडियन एअरलाइन्सची व्हायकाउंट आणि फोकर फ्रेंडशिप, आणि कानपूरला बांधलेली ॲव्रो ७४८, या सगळ्यांना रोल्स-रॉईसचं डार्ट इंजिन होतं. तापलेल्या धावपट्टीवरून उडताना त्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण सोडण्याची सोय होती. टर्बाइन इंजिनात ठोक्याचा प्रश्न नसतो. तिथे हे मिश्रण उकाड्याने हिरावलेली ताकद परत आणत असे. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेनॉ आणि फेरारी यांच्या फॉर्म्युला वन टर्बो गाड्यांनीही पाणी वापरलं.

फवारा जुळवताना

आता प्रत्यक्ष जुळवणीकडे येऊ. समजा, लिनिया टी-जेटसारखं १.४ लिटरचं टर्बो इंजिन आहे. पूर्ण जोर लावल्यावर ते मिनिटाला साधारण ४५० ग्रॅम पेट्रोल पितं. त्याच्या १५ ते २० टक्के, म्हणजे मिनिटाला ७० ते ९० मिलिलिटर पाणी, हे सुरुवातीचं माप.

पहिलं काम गाडीबाहेर करायचं. नोझल पंपाला जोडून, हातात धरून, मापाच्या उभ्या काचपात्रात बरोबर एक मिनिट फवारायचं आणि पाणी मोजायचं. डब्यावर छापलेला आकडा आणि पात्रातला आकडा नेहमी जुळतोच असं नाही. तेव्हाच फवारा उजेडासमोर धरून पाहायचा. चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा, सगळीकडून सारखा शंकू धरतो. एका बाजूला जाड धार दिसली, किंवा बंद केल्यावर टोकाशी थेंब लोंबत राहिला, तर भोकात कचरा आहे किंवा झडप नीट मिटत नाही. लोंबणारा थेंब क्षुल्लक वाटतो. पण नोझल थ्रॉटलच्या पलीकडे असेल, तर पाय काढल्यावर तिथल्या नळीत निर्वात होतो आणि तो अशा नोझलमधून टाकीतलं पाणी ओढत राहू शकतो. म्हणून नोझलजवळ आपोआप मिटणारी झडप असायलाच हवी.

दुसरं काम जागा ठरवण्याचं. नोझल इंटरकूलरच्या पुढे, पण थ्रॉटलच्या थोडं आधी बसवतात, म्हणजे थेंबांना हवेत मिसळायला अंतर मिळतं आणि चारही सिलिंडरना सारखा वाटा जातो. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मात्र फवाऱ्याच्या वाटेत नको. त्याच्यावर थेंब पडले तर तो ओल्या टोकाचं तापमान सांगतो, हवेचं नव्हे. संगणक त्या खोट्या थंडाव्यावर विसंबून ठिणगी लवकर टाकतो आणि ठोका ओढवून घेतो.

तिसरं, सुरुवात कधी करायची. टर्बोचा दाब नसताना पाण्याची गरज नसते. तेव्हा फवारलं तर इंजिन ‘मिसिंग’ मारतं. दाब अर्ध्या बारच्या आसपास आला की फवारा सुरू व्हावा आणि दाबाबरोबर वाढत जावा. इथे एक नियम आडवा येतो. नोझलमधून जाणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट पाणी हवं तर चौपट दाब लागतो. त्यामुळे नुसता पंपाचा वेग कमी-जास्त करून फवारा फारसा बदलत नाही. मोठा पल्ला हवा असेल तर वेगाने उघडझाप करणारी झडप किंवा वेगवेगळ्या मापाची दोन नोझलं लागतात. शिवाय पंप दहा बारचा आणि टर्बोचा दाब एक बार असेल, तर नोझलला प्रत्यक्ष मिळतात नऊ बार. वजाबाकी विसरली की माप चुकलं.

चौथं काम सगळ्यांत नाजूक, आणि ते डायनोवरच, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच करायचं. आधी फक्त पाणी, ठिणगीच्या वेळेला हात लावायचा नाही. पाणी थोडं थोडं वाढवत न्यायचं. एका मापानंतर आग जड होते, टॉर्कची रेघ किंचित खाली वाकते. तिथून थोडं मागे यायचं. हे त्या इंजिनाचं पाणी. या टप्प्यावर ताकद वाढलेली नसते, कधी थोडी घटलेलीच असते. ‘पाणी लावलं, काहीच फरक नाही’ म्हणून कंटाळणारे इथेच थांबतात.

फरक पडतो तो पुढे. आता ठिणगी एका अंशाने लवकर आणायची. नॉक सेन्सरची नोंद पाहायची, टॉर्क पाहायचा. पुन्हा एक अंश. पाण्याने ठोका दूर सारलेला असल्यामुळे पूर्वी जिथे संगणक माघार घेत होता, तिथे आता वाट मोकळी असते, आणि दाबाचा कळस हळूहळू त्या १५ अंशांच्या सुवर्णस्थानाकडे सरकतो. टॉर्क प्रत्येक अंशाला वाढतो, मग कमी वाढतो, मग वाढायचा थांबतो. तिथे आपणही थांबायचं. ठोका येत नसला तरी पुढे जाण्यात लाभ नाही, इंजिनावर फुकटचा ताण आहे. शेवटी, थंडाव्यासाठी ओतलेलं जादा पेट्रोल जपून कमी करायचं, कारण ते काम आता पाणी करतं आहे. बॉशने आपल्या पाणी-फवारा यंत्रणेबद्दल सांगताना इंधनात १३ टक्क्यांपर्यंत बचतीचा दावा केला होता, तो प्रामुख्याने याच हिशेबावर.

पाचवं काम बहुतेक जण टाळतात, पण इंजिनाचा जीव त्याच्यावरच अवलंबून असतो. पाणी संपलं तर काय? १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आली. टर्बो लावलेल्या जगातल्या अगदी पहिल्या बाजारी गाड्यांपैकी ही एक. तिचं इंजिन ठोक्यापासून वाचवायला कंपनीने पाणी-मिथेनॉलची टाकी दिली आणि त्या द्रवाला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं भारदस्त नावही दिलं. टाकी रिकामी झाली तर टर्बोचा दाब आपोआप कमी करणारी झडपही होती. तंत्र काळाच्या पुढचं होतं. पण मालक टाकी भरायला विसरत, गाडी मंदावली की वैतागत. दोन वर्षांत गाडी बंद झाली आणि पुढे कित्येकांनी टर्बोच काढून टाकून घेतला. निसर्गाचा नियम अचूक होता, यंत्रणाही चालत होती. टाकी भरणारा हात तेवढा कमी पडला.

म्हणून आजच्या यंत्रणेत टाकीत पातळी सांगणारा तरंगता सेन्सर आणि नळीत प्रवाह मोजणारा सेन्सर, दोन्ही हवेत. प्रवाह ठरलेल्या मापाखाली गेला की संगणकाने त्याच क्षणी टर्बोचा दाब उतरवावा आणि ठिणगी जुन्या जागी न्यावी. ही सोय कमी दाबावर, मुद्दाम टाकी रिकामी ठेवून तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. प्रवाहाचा सेन्सर नसलेला फवारा लावण्यापेक्षा तो न लावलेला बरा.

पाणी कोणतं

बोअरचं पाणी मुळीच नको. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेलं पाणी जड असतं. कूलरच्या ताट्यांवर हंगामाच्या शेवटी बसणारा पांढरा थर ही त्यातली कॅल्शियम-मॅग्नेशियमची पुटं. नोझलच्या बारीक भोकात त्याचा एक कणही पुरेसा होतो, आणि उरलेलं इंजिनात जाऊन बसतं. बॅटरीसाठी कुठल्याही गॅरेजमध्ये मिळणारं डिस्टिल्ड वॉटर हेच योग्य. ते महागही पडत नाही. मिनिटाला ८० मिलिलिटरच्या हिशेबाने पाच लिटरचा कॅन सलग तासभर पूर्ण फवाऱ्याला पुरतो, आणि रस्त्यावर पूर्ण जोर एका वेळी काही सेकंदच लागतो.

परदेशात पाण्यात निम्मं मिथेनॉल मिसळतात. ते स्वतः जळतं, ठोक्याला विरोध करतं आणि थंड देशांत पाणी गोठू देत नाही. पण मिथेनॉल हे विष आहे, पोटात गेलं तर दृष्टी आणि जीव दोन्ही घेतं. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. वाशिमच्या हिवाळ्यात टाकीतलं पाणी गोठत नाही. इथे साधं डिस्टिल्ड वॉटर पुरेसं आहे आणि तेच शहाणपणाचं.

पंपावर आता मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल हीसुद्धा याच कुळातली गोष्ट. पूर्वीच्या ९१ ऑक्टेनच्या जागी ते ९५ च्या आसपास जातं, आणि त्यातलं इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. त्याला साजेसं बनवलेलं इंजिन टाकीत पाणी न भरताही या थंडाव्याचा थोडा लाभ घेतं.

हे वाचून कुणाला फवारा बसवायचा मोह झाला, तर तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत, आणि वॉरंटी-विम्याचाही प्रश्न येतो. त्यामुळे हे काम स्पर्धेच्या गाडीचं. समृद्धी महामार्ग ही चाचणीची जागा नव्हे, जुळवणी डायनोवरच व्हावी. आणि मे महिन्यात तुमची रोजची टर्बो गाडी ठोकू लागली, तर पाण्याच्या टाकीआधी इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीतला कचरा साफ करा, कूलंट तपासा, स्पार्क प्लग बदला, चांगल्या पंपावरून पेट्रोल भरा आणि चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटू नका. दहापैकी नऊ गाड्यांचा उन्हाळा एवढ्यानेच सुखाचा जाईल. उरलेल्या दहाव्या गाडीला मात्र पाणी द्यायचंच असेल, तर आधी मोजून द्या, आणि ते संपल्यावर काय होईल याची व्यवस्था त्याच्याही आधी करा.